२११ आणि डीएनए : कॉलनीच्या ग्रुपवरच्या पोस्टला उत्तर

जुनी_इंदूर : ग्रुपवर फिरतंय, ‘सरबताच्या बाटलीवर २११ दिसलं तर समजा, घोटाघोटाला डीएनए तुटतोय.’ खाली हात जोडणाऱ्यांची रांग. अहो, २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, सरबत टिकावं म्हणून घालतात ते. यकृत त्याला ग्लायसिन जोडतं, हिप्प्युरिक आम्ल होतं आणि ते लघवीवाटे जातं. दालचिनीत, दह्यातही बेंझोइक आम्ल असतंच. काचेच्या बशीतल्या रक्तपेशींवर भरपूर ओतलं की गुणसूत्रं तुटलेली दिसतात, हे खरं. पण बशीला यकृत नसतं! २०२१ मध्ये तर जेक्फाने (अन्नातल्या अशा पदार्थांची तपासणी करणारी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समिती) रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ५ वरून २० मिलिग्रॅम केली.

तुकोगंजची_ताई : यकृताचं कौतुक पुरे. बेंझोएट आणि क जीवनसत्त्व एका बाटलीत असलं आणि ऊन लागलं की बेंझीन होऊ शकतं, ते बरं विसरलात? अमेरिकेत १९९० ला शीतपेयांत सापडलं, २००५-०६ ला परत तोच गोंधळ. बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो, यात आता वाद नाही. आणि मे महिन्यात सियागंजातून, इंदूरच्या घाऊक बाजारातून, निघालेली खोकी कुठे तापत असतात, बघितलंय?

जुनी_इंदूर : बेंझीनचं मान्य. पण अमेरिकेतल्या तपासणीत बहुतेक बाटल्यांत ते पिण्याच्या पाण्याला चालणाऱ्या ५ पीपीबीच्या (अब्जात पाच भाग) आतच निघालं आणि जास्तवाल्या कंपन्यांनी कृती बदलली. पोस्टमध्ये यातलं एक अक्षर तरी होतं?

कढईवाला : बाटल्या सोडा हो, सेवेच्या कढया बघा! सकाळचंच तेल संध्याकाळी, काळं कुळकुळीत. तेच तेल तापवत राहिलं की अल्डिहाइडं होतात, त्यातली काही डीएनएला थेट चिकटतात. ध्रुवीय संयुगं (तेल बिघडत गेलं की वाढणारे पदार्थ) २५ टक्क्यांवर गेली की तेल फेकायचं, असा नियम २०१८ पासून आहे. मोजतो कोण?

छप्पनकर : सेवेला नावं ठेवायची नाहीत. आमचे दादा रोज पोह्यांवर मूठभर सेव खायचे, नव्वदी ओलांडली.

कढईवाला : नव्वदी ओलांडलेले विडीवालेही दाखवतो. मग विडी पौष्टिक का?

छप्पनकर : दादांवर जायचं काम नाही!!

कढईवाला : विडीवर गेलो, दादांवर नाही. नीट वाचा.

जुनी_इंदूर : धागा कशाचा, चाललंय काय! आमच्या काकू ‘बिनाकेमिकल’ म्हणून बुरशी आलेली दाण्याची चटणी वरवर खरवडून वाढतात. दाण्यांवरच्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, यकृतात बदलून डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला चिकटतं. त्याची पोस्ट कोणी फिरवत नाही.

तुकोगंजची_ताई : म्हणजे बेंझोएटपुढे हुशार असलेलं यकृत इथे घरभेदी? आणि चटणीत २११ घालून काय उजेड पडणार होता? ते आंबटातच काम करतं. शिवाय अफ्लाटॉक्सिन शेतात नाहीतर गोदामातच शिरलेलं असतं. काकूंना उगाच बोल लावू नका.

जुनी_इंदूर : बरं बाई, चटणी तुमची. सरबत माझं.

तुकोगंजची_ताई : प्या की. सावलीत ठेवून प्या म्हणजे झालं.

छप्पनकर : कढईवाले, तेल मोजायचं यंत्र घेऊन या दुकानावर. सेव मी मागवतो. मोजायच्या आधी हात घातलात तर बिल तुमचं.

कढईवाला : लौंगवाली असेल तर येतो.