प्रभात रोडला आई-बाबांसाठी जागा घेऊ का? उद्यापर्यंत सांगायचंय, मदत हवी आहे

निशिगंध:
आई-बाबांना सांगलीहून कायमचं पुण्यात आणतेय. प्रभात रोडच्या एका गल्लीत भाड्याची जागा बघितली, बघताक्षणी आवडली. दुतर्फा झाडं, भर दुपारी रस्त्यावर सावली. एजंट उद्या संध्याकाळपर्यंत टोकन मागतोय. एवढंच सांगा, वाणसामान, भाजी, औषधं, गिरणी सगळं पायी मिळतं का? आणि बाबांचा वेळ जायला जवळ काय आहे? मी बावधनला राहते, ऑफिस हिंजवडीत, रोज येणं जमणार नाही. लवकर सांगा प्लीज.

डोंगरमाथा:
कितवी गल्ली? कितवा मजला? लिफ्ट? वयं काय? तिथल्या गल्ल्या नंबरांनी ओळखतात, नंबर बदलला की डेक्कनचं अंतर बदलतं.

ताम्हण:
त्यापेक्षा मॉडेल कॉलनी बघा. चित्तरंजन वाटिका आहे, लकाकी तळं आहे. माझे वडील रोज तळ्यावर जायचे, शेवटपर्यंत.

सदाफुली:
ताम्हण, त्यांनी प्रभात रोडचं विचारलंय. ताई, कमला नेहरू पार्क चालत जाण्यासारखं आहे. फक्त बागा दुपारी बंद असतात, ते धरून चाला. भाजी-औषधांची अडचण नाही, पोळीभाजी केंद्रंही आहेत.

जुनी_पेठ:
वडिलांना वाचनाची आवड असेल तर याहून चांगला भाग नाही. 1917 साली स्थापन झालेली भांडारकर संस्था जवळच आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथेच झाली, 1966 मध्ये पुरी झाली. रस्त्याचं नावच प्रभात फिल्म कंपनीवरून आलंय. कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. त्याच जागेत 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. आमच्या काकांनी तो स्टुडिओ चालू असताना पाहिलाय, त्यावर वेगळा धागा काढतो.

रानवारा:
मुलीला फर्ग्युसनला ॲडमिशन मिळाली तर या भागात चांगलं हॉस्टेल आहे का?

निशिगंध:
तिसरा मजला, लिफ्ट आहे. बाबा 74, आई 70. बाबा इतिहास शिकवायचे, पण वाचन सुटलंय. काचबिंदू आहे. एक डोळा गेला, दुसऱ्यानं समोरचं थोडं दिसतं, कडेचं काही नाही. मी जागेबद्दल विचारत होते म्हणून हे लिहिलं नव्हतं.

डोंगरमाथा:
ताई, हे पहिल्या ओळीत हवं होतं. सगळं उत्तर यावर आहे.

सदाफुली:
माझ्या सासूबाईंना हाच त्रास होता, म्हणून मोकळेपणी सांगते. तुम्ही जागा दुपारी बघितलीत. संध्याकाळी त्याच फांद्या रस्त्याच्या दिव्यांवर येतात आणि मधले पट्टे काळे होतात. दिवसासुद्धा ऊन-सावलीच्या ठिपक्यांत पायरी कुठे संपली ते सासूबाईंना कळायचं नाही. मुळांनी फूटपाथचे ब्लॉक उचललेले, त्यावर दुचाकी उभ्या. पावसाळ्यात गुलमोहराच्या पाकळ्यांवरून पाय घसरतो. टोकन देण्याआधी बाबांना साडेसातला घेऊन जा. गेटपासून औषधांच्या दुकानापर्यंत त्यांना पुढे चालू द्या, तुम्ही मागे राहा.

ताम्हण:
म्हणजे आता झाडंच नकोत का? त्या सावलीनंच तिथं उन्हाळ्यात चालता येतं.

सदाफुली:
झाडं हवीतच. फांद्यांच्या खाली येणारे दिवे हवेत आणि फूटपाथ मोकळा हवा. ते होईपर्यंत पडून माकडहाड मोडतं ते आपल्या माणसाचं.

घाटवाट:
एक वेगळं सांगतो. कर्वे रोडला गरवारे कॉलेज आणि नळ स्टॉप ही मेट्रो स्टेशनं आहेत. 6 मार्च 2022 ला वनाझ ते गरवारे सुरू झाली. स्टेशनात लिफ्ट आहे, काठीला कळतील अशा उठावाच्या फरशा आहेत, डब्यात पुढचं स्टेशन बोलून सांगतात. तुम्हालाही बावधनहून वनाझपर्यंत येऊन पुढे मेट्रो पकडता येईल. ऑफिसनंतर गाडी घेऊन कर्वे रोडच्या गर्दीत शिरू नका.

निशिगंध:
एजंटकडून दोन दिवस मागून घेतले. काल साडेसातला गेलो. दुकानापर्यंत बाबा तीनदा थांबले. दोनदा गाड्या आडव्या होत्या, एकदा उचललेला ब्लॉक. तिसऱ्यांदा आईनं न बोलता हात धरला. आज सकाळी सातला परत नेलं, तेव्हा काठीनं बागेपर्यंत एकटे गेले, मी वीस पावलं मागे. बागेत शिवाजी महाराजांच्या आग्र्यावरून कुणाशी तरी त्यांचा अर्धा तास वाद झाला. सांगलीत गेलं वर्षभर ते एवढे बोलले नव्हते.
ही जागा सोडतेय, भाग सोडत नाही. त्याच गल्लीच्या तोंडाशी, दिव्याखाली तळमजल्याची एक जागा आहे असं वॉचमन म्हणाला. रविवारी दाखवतोय.
गिरणीचं मात्र कुणी सांगितलं नाही. आई विकतचं पीठ आणत नाही.

सदाफुली:
आमचा वाणी गहू दळून घरपोच देतो. गल्लीचा नंबर मला वेगळा निरोप पाठवून कळवा, तिथवर देतो का विचारून रविवारच्या आत सांगते.