साडेआठ महिन्यांच्या बाळाला उलट्या-जुलाब: अंगावरचं चालू ठेवू की तोडू?

ओली_मेथी (मंगळवार, दुपारी ३.१०)

घाईत लिहितेय, चुका असतील तर समजून घ्या. मुलगा साडेआठ महिन्यांचा. अंगावर पितो, शिवाय दिवसातून दोनदा वरचं. काल संध्याकाळी मऊ खिचडी खाल्ली आणि तासाभरात सगळी बाहेर. तेव्हापासून उलट्या सहा. जुलाब नऊपर्यंत मोजले, मग मोजायचे सोडले. हिरवट पाणी, मध्ये जरा चिकट. रक्त नाही. ताप १००.

सकाळी दाखवून आणलं. डॉक्टरांनी व्हायरल म्हणून सांगितलं, ओआरएस आणि झिंक लिहून दिलं, "अंगावरचं चालू ठेवा" एवढं बोलले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. घरी आल्यावर सासूबाई म्हणतात, एक दिवस दूध तोड, जड पडतंय, पोटाला विश्रांती दे, ग्लुकोजचं पाणी पाज. शेजारच्या वहिनी म्हणतात, दुधातल्या लॅक्टोज नावाच्या साखरेनेच होतंय, बिनलॅक्टोजच्या पावडरीचा डबा आण. माझ्या आईने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "तू लोणचं खाल्लंस का?" खाल्लं होतं. तेव्हापासून ती कैरीची फोड डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

खरी अडचण अशी की पाजलं की पाच-दहा मिनिटांत भडाभडा उलटी. मग वाटतं, घरातले बरोबर तर नाहीत ना? ओआरएसचा चमचा जिभेनेच बाहेर ढकलतो. ज्यांनी यातून काढलंय त्यांनी कृपया सांगा, नक्की कसं पाजलं?

दोन_पिल्लं (३.३२)

आधी त्या लोणच्याला माफ कर. तुझ्या ताटातल्या लोणच्याने बाळाला ढाळ लागत नाहीत.

माझ्या धाकटीला दहाव्या महिन्यात अगदी हेच झालं होतं. मी काय चुकत होते सांगते. उलटी झाली की माझा जीव कासावीस, पोट रिकामं झालं म्हणून लगेच परत पोटभर पाजायचे. ते परत बाहेर. तिसऱ्या वेळी ओळखीच्या एका ताईंनी फोनवर सांगितलं, उलटीनंतर दहा मिनिटं थांब. मग एकाच बाजूला, दोन-तीन मिनिटं, आणि काढून घे. दहा-पंधरा मिनिटांनी परत तेवढंच. रडेल, रडू दे, खांद्यावर घेऊन फिर.

दुसरी युक्ती जास्त उपयोगी पडली. छाती गच्च भरलेली असेल तर आधी हाताने थोडं दूध स्वच्छ वाटीत काढायचं आणि मग बाळाला लावायचं. ओढायला मिळतं म्हणून ते शांत होतं, पण धार जोरात येत नाही, घोट लहान येतात. वाटीतलं दूध झाकून ठेवायचं आणि चार तासांच्या आत चमच्याने द्यायचं. माझी आई म्हणाली होती, "बोंडलं असतं तर बरं झालं असतं," म्हणजे बाळाला पाजायचं ते जुनं चोचीचं भांडं. चमच्याने भागलं.

आणि उलटीत सगळं दूध जातं असं नसतं. दुपट्यावर पडलेलं नेहमी जास्त दिसतं. अर्धी वाटी पाणी फरशीवर सांडून बघ, घरभर झाल्यासारखं वाटतं.

रात्रपाळी (४.०५)

लहान मुलांच्या वॉर्डात अकरा वर्षं परिचारिका आहे. तुमच्या डॉक्टरांनी एकच वाक्य सांगितलं, पण कामाचं तेच होतं. दूध तोडू नका.

"पोटाला विश्रांती" ही कल्पना ऐकायला पटते, पण बाळ उपाशी ठेवलं म्हणून जुलाब थांबत नाहीत. आतून पाणी आणि क्षार जातच राहतात, फक्त वरून येणं बंद होतं. मग बाळ सुकतं. वॉर्डात सलाईन लावायची वेळ आलेल्या बाळांपैकी कितीतरी जणांचं घरी दूध तोडलेलं असतं. आईच्या दुधात पाणी, क्षार आणि संसर्गाशी लढणारी प्रतिपिंडं एकत्र असतात, आणि आजारी पोटालाही ते पचतं. लॅक्टोजचं म्हणाल तर अशा आजारात आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि काही दिवस लॅक्टोज पचायला जरा कमी पडू शकतं, हे खरं. ते आपोआप सुधारतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला त्यासाठी डबा लागत नाही.

ग्लुकोजच्या पाण्याबद्दल सासूबाईंना एवढंच सांगा की त्यात मीठ नाही. आतड्यात साखर आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात आणि पाणी त्यांच्या मागे जातं. जोडीतला एक नसला की गाडी अडते. नुसतं गोड पाणी जास्त झालं तर उलट आतड्यात पाणी ओढलं जाऊन जुलाब वाढतात. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी पिंपात कालवून लोकांना पाजलं आणि हजारोंचे प्राण वाचवले. तुमच्या हातातली पुडी त्याच कुळातली.

पुडी एक लिटरची असेल तर पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवा. अर्धी पुडी अंदाजाने अर्ध्या पेल्यात, असं अजिबात नको. फार खारट झालं तर बाळाला धोका असतो. कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. दर पातळ शीनंतर या वयाला ५० ते १०० मिली, पण एकदम नाही. चमचा, मिनिट-दोन मिनिटं थांबा, परत चमचा. जिभेने ढकलत असेल तर बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थेंब-थेंब सोडा. मधूनमधून अंगावर. दोन्ही चालू राहायला हवं, एकाच्या बदल्यात दुसरं नाही.

आता जुलाब मोजू नका, शू मोजा. डायपरमध्ये पातळ शीत शू कळत नाही म्हणून पुढच्या बाजूला कापसाचा बोळा ठेवा. तो पिवळसर ओला झाला की समजायचं. सहा तास कोरडा राहिला तर वाट बघायची नाही, निघायचं. तसंच रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे किंवा टाळू खोल गेलीय, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसत नाही, बाळ मलूल पडलंय आणि अंगावरही ओढत नाही, शीमध्ये रक्त, उलटी गडद हिरवी. यातलं एक दिसलं तरी रात्रीचे दोन का वाजेनात, दवाखाना गाठायचा. गाडी नसेल तर १०८.

हे सगळं साडेआठ महिन्यांच्या बाळासाठी लिहिलंय. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर धागे वाचत बसू नका, सरळ दाखवा. आणि नवजात बाळाची अंगावरच्या दुधाने होणारी पिवळी, दाणेदार, पातळ शी दिवसातून आठ वेळा झाली तरी तो आजार नसतो, हेही याच धाग्यात सांगून ठेवते. पुढच्या आठवड्यात कुणीतरी विचारणारच.

बाप_माणूस (४.४०)

एकच मुद्दा. ओआरएस आणायला नवऱ्याला पाठवणार असाल तर "ओआरएस" एवढंच सांगू नका. मला पाठवलं होतं, मी रंगीत टेट्रापॅक घेऊन आलो. चित्रात सफरचंद, चव सरबताची, आणि साखर भरमसाठ. मेडिकलवाल्याने तेच पुढे केलं आणि मला काय कळतंय! बायकोने मागचं बारीक अक्षर वाचलं आणि मला उलट्या पावली परत पाठवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे, असं लिहिलेली पुडीच मागा. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला बंदी घातली, पण दुकानदाराच्या तोंडून तो शब्द अजून गेलेला नाही. सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे पुडी आणि झिंक फुकट मिळतं.

माजघर (५.१५)

माझी तीन मुलं आणि पाच नातवंडं. त्या अनुभवावर सांगते, मुरडशेंगेचे चार वळसे आणि जायफळाचे दोन, अंगावरच्या दुधात उगाळून चाटव. बाळ शांत झोपेल.

आणि दूध तोडायचं हे कुणी काढलं? आमच्याकडे तोडायचे ते म्हशीचं. अंगावरचं कुणी तोडत नव्हतं. माझी सासू म्हणायची, पोर आजारी पडलं की आईने बाहेरची कामं टाकून त्याच्याजवळ पडून राहायचं. तुझ्या सासूबाईंना सांग, एक म्हातारी असं म्हणाली. त्या माझ्याच वयाच्या असतील.

रात्रपाळी (५.२८)

काकू, तुमच्या सासूबाईंचं ते वाक्य मी वॉर्डात भिंतीवर लावेन. पण जायफळ आत्ता नको. जायफळाने गुंगी येते, आणि या आजारात बाळ झोपलंय की मलूल झालंय हेच आम्हाला ओळखायचं असतं. त्यावर गुंगी चढली तर काय ओळखणार? सहाणही कुठल्या पाण्याने धुतलेली असते कुणास ठाऊक. बाळ बरं झाल्यावर डॉक्टरांना विचारून काय ते ठरवा.

माजघर (५.३४)

हे मात्र पटलं. जायफळ मागे घेते.

ओली_मेथी (बुधवार, पहाटे ५.५०)

सगळ्यांची आभारी आहे. एक बाजू, तीन मिनिटं, हे जमलं. रात्री साडेनऊनंतर एकच उलटी. कापसाचा बोळा दोनदा ओला, तो मी टॉर्च लावून नवऱ्याला उठवून दाखवला. जुलाब चालूच.

पण आता नवीन. चार वाजल्यापासून मीच बाथरूममध्ये. उलट्या, कळा, अंगात कणकण. माझ्याकडूनच त्याला जास्त होईल का? दूध बंद करू का? कपाटात जुलाब थांबवायची गोळी आहे, घेतली तर चालेल? आणि दूध कमी झाल्यासारखं वाटतंय, छाती अगदी मऊ लागतेय.

दोन_पिल्लं (६.०५)

अगं बाई! पडून पाज. कुशीवर झोपायचं, बाळ शेजारी. आणि तू झोपलीस तर त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी जागं बसव. नवऱ्याला आज रजा टाकायला लाव. बाळाला उचलणं, धुणं, दुपटी सगळं त्याच्याकडे. तुझं काम दोनच, पिणं आणि पाजणं.

रात्रपाळी (७.२०, पाळी संपवून)

अंगावरचं चालूच ठेवा. हा आजार दुधातून नाही, हातातून जातो. तुमच्या शरीरात आता याच विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतील आणि ती दुधातून त्यालाच मिळतील. बंद केलंत तर तेवढंच हुकेल. शी धुतल्यावर, स्वतः जाऊन आल्यावर आणि पाजण्याआधी साबणाने हात, बोटांच्या बेचक्यांतही. नुसत्या सॅनिटायझरवर भागवू नका, पोटाच्या काही विषाणूंना तो पुरत नाही.

दूध कमी वाटतंय ते तुमचं पाणी गेल्यामुळे. पुडी तुम्हीही प्या, पेल्याने नाही, घोट-घोट. ओढणं चालू राहिलं की एक-दोन दिवसांत पान्हा पूर्ववत होतो. कपाटातली गोळी मनाने घेऊ नका, आणि बाळाला तर ती कधीच द्यायची नसते. तापासाठी नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल चालतं. उभं राहिल्यावर चक्कर आली किंवा घोटभर पाणीही टिकेना तर तुम्हीही डॉक्टरांकडे, आणि "अंगावर पाजतेय" हे त्यांनी विचारायच्या आधी सांगा.

ओली_मेथी (शनिवार, सकाळी ११.४०)

उशीर झाला, माफ करा. मी परवापासून ठीक. बाळाचे जुलाब दिवसाला तीनवर आलेत, शी घट्ट होतेय. काल डॉक्टरांना परत दाखवलं, वजन ३०० ग्रॅम उतरलंय, भरून निघेल म्हणाले. झिंक चौदा दिवस पूर्ण करायचंय. गोळी चमच्यात माझ्याच दुधात विरघळवते, गपकन घेतो. रोटाव्हायरसचे तिन्ही डोस झालेले असूनही असं का, तेही विचारलं. ती लस गंभीर आजारापासून वाचवते, आणि पोट बिघडवणारे बाकीचे विषाणू असतातच, असं म्हणाले.

खाणं बंद ठेवायचं नाही, पुढचे दोन आठवडे एक जेवण जास्तच द्यायचं. सध्या गुरगुट्या भात, मुगाचं वरण आणि केळं चालू आहे. फळांचा रस नाही.

माजघर काकूंचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. "कुठल्या गावच्या गं या?" एवढंच विचारलं. दुपारी माझ्या उशाशी मेतकूट-भात आणि ओआरएसचा तांब्या आणून ठेवला. त्यात त्यांनी लिंबू पिळलं होतं. काही बोलले नाही, प्यायले.

फक्त एक नवीन भानगड झालीय. या पाच दिवसांत साहेबांना रात्री दर तासाला अंगावर घ्यायची सवय लागलीय. बरं वाटतंय, तरी सोडत नाहीत. त्याचा वेगळा धागा संध्याकाळी काढते, तिथे या.