ठाण्याचा उपवन तलाव आणि येऊरचा डोंगर: दुखऱ्या गुडघ्याला झेपेल अशी वाट कोणती?

चैत्रपालवी:
आई सत्तरीची, उजवा गुडघा दुखतो. सोबत पाच वर्षांची मुलगी. तलाव आणि झाडी दोन्ही हवं. उपवनहून येऊरला चालत जाता येईल का?

डोंगरवाट:
आईंना घेऊन नको. तलाव पायथ्याशी आहे आणि येऊरचा रस्ता तिथून वळणं घेत चढतो, शिवाय गाड्यांची ये-जा. खरा त्रास उतरताना होतो: दर पावलाला अंगाचा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर तोलावा लागतो. म्हणून तलावाकाठीच फिरा; सपाट आहे, दमलं की बसता येतं, डोंगर समोरच. झाडीत जायचंच असेल तर ठाणे स्टेशनहून टीएमटीची (ठाणे महापालिकेची) येऊर बस धरा, वर उतरा, डांबरी रस्त्यानं पंधरा मिनिटं जा आणि तिथूनच मागे फिरा. दम लागेपर्यंत पुढे गेलात तर तेवढंच अंतर परत यायचं असतं.

पानझड:
काठी डाव्या हातात द्या, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूला. उजवा पाय पुढे पडताना काठीही पुढे पडली पाहिजे. काठीची उंची मापायची ती चालायचे बूट घालून: हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेत यावी. टोकाचं रबर गुळगुळीत झालं असेल तर आधी बदला. पावसाळ्यात काठच्या फरशीवर शेवाळ धरतं, तिथे झिजलेलं रबर हमखास सरकतं.

कारवी:
येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याचा वावर आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला वर जाऊ नका, ऊन नीट वर आल्यावर जा. मुलीचा हात धरूनच चाला. एकटं, खाली वाकलेलं मूल बिबट्याला सावजासारखं दिसू शकतं. रस्ता सोडून आत शिरायला वनखात्याची परवानगी लागते. खाऊ सॅकमध्ये ठेवा, हातातली पिशवी माकडं ओढतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नेलंत तर फार छान: पळस आणि काटेसावर फुललेली, पानं झडल्यामुळे पक्षीही दिसतात. कारवीचं झुडूप मात्र 8 वर्षांनी फुलतं, 2024 मध्ये फुलून गेलं.

चैत्रपालवी:
मग आधी तलावच. मुलीला माशांना पाव घालायचा आहे, चालेल ना?

पानझड:
नका घालू. उरलेला पाव पाण्यात कुजतो, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो, आणि मासे त्यानंच गुदमरतात.