मदत हवी आहे : डॉ. आनंदीबाई आणि डॉ. गुरुबाईंची मूळ कागदपत्रं कुठे शोधू?

नमस्कार मंडळी,

३१ मार्चला आनंदीबाई जोशींची जयंती. त्या मूळच्या आमच्या कल्याणच्या, म्हणून इथल्या वाचनालयात छोटं प्रदर्शन लावायचं ठरलंय. 'तुला इंटरनेटचं कळतं' एवढ्या पात्रतेवर काम माझ्या गळ्यात पडलं. तो १८८५ चा फोटो (आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबूली) परत लावायला मीच नको म्हटलं. सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पन्नासदा पाहिलाय. मला त्यांच्या हातचं अक्षर हवंय. पत्रं, १८८६ चा प्रसूतिशास्त्रावरचा प्रबंध, असं काहीतरी.

अडचण अशी की त्या अमेरिकेत जिथे शिकल्या, ते वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या नावाचं कॉलेज आता नाहीच. मग कागद गेले कुठे? शोधखिडकीत आनंदीबाईंचं नाव घातलं की मालिका आणि सिनेमेच येतात.

दुसरं, त्याच कॉलेजातून १८९२ साली डॉक्टर झालेल्या गुरुबाई करमरकर. मुंबईत वर्षानुवर्षं रुग्ण तपासले, पण आपल्याकडे त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? त्यांचं काही मिळालं तर एक भिंत त्यांना द्यायचीय.

जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

खोडरबर :
ताई, कॉलेज शोधू नका, त्याचा वारस शोधा. १८५० ला ते 'फीमेल मेडिकल कॉलेज' होतं, १८६७ पासून 'वुमन्स'. १९७० मध्ये मुलांना प्रवेश दिला आणि नावातलं 'वुमन्स' गेलं. पुढे विलीनीकरणं होत होत आज तो वारसा फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजकडे आहे. तिथल्या लेगसी सेंटरमध्ये जुने कागद जपलेत, बरेचसे स्कॅन करून ऑनलाइनही आहेत.

आणि खरी गोम स्पेलिंगची आहे. तेव्हा 'जोशी'च्या शेवटी 'आय' नसे, दोन 'ई' असत. नावही आनंदीबाई नव्हे, 'आनंदाबाई'. कॅरोलाइन डॉल यांच्या १८८८ च्या चरित्राच्या शीर्षकातही तसंच आहे. आजच्या स्पेलिंगने शोधाल तर हात हलवत परत याल.

परदेशस्थ :
गुरुबाईंचे कागद एका जागी मिळतील ही आशा सोडा. शिकल्या कॉलेजात, काम केलं अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचं. म्हणजे विद्यार्थिदशेचं काही ड्रेक्सेलकडे आणि मुंबईतल्या कामाचे अहवाल मिशनच्या दप्तरात. त्या मिशनची मूळ संस्था 'अमेरिकन बोर्ड', तिचं दप्तर हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. दोन्हीकडे ईमेल टाका. 'माहिती पाठवा' असं मोघम लिहू नका, पदवीचं वर्ष आणि नावाची सगळी स्पेलिंगं द्या. छापायची परवानगी आणि श्रेयाची ओळ कशी हवी तेही त्याच पत्रात विचारा, नाहीतर पुन्हा आठवडाभर थांबावं लागतं.

धागाकर्ती :
दोन 'ई'ने काम केलं! २८ जून १८८३ चं प्रवेशासाठीचं पत्र मिळालं. अठरा वर्षांची मुलगी लिहितेय की आप्तांचा, जातीचा विरोध पत्करून ज्या निर्धाराने इथवर आले, तो जमेस धरा. आपल्या अपुऱ्या शिक्षणाची भीती तिने लपवलेली नाही.

गुरुबाईंसाठी दोन्ही ईमेल गेलेत. आता या पत्राशेजारी मराठी भाषांतर लावायचंय. मी कच्चं केलंय, पण ते फारच आजच्या भाषेत झालंय. एकोणिसाव्या शतकातलं मराठी वाचलेल्या कुणी नजर टाकेल का? इथेच डकवते.