साठीनंतर रेवस ते रेडी सायकलने: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय ६४, मुक्काम गुहागर. रेवस ते रेडी सागरी मार्गाने सायकलवर जायचं तरुणपणापासून मनात आहे. आता सवड आहे, तर गुडघे कुरकुरतात. डॉक्टरांची हरकत नाही, घरच्यांची आहे!

डिसेंबरअखेर निघेन म्हणतो. पहाट गार असली तरी दहानंतर ऊन चटकतं, म्हणून टप्पे लहानच. दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगडला फेरीबोट आहे, तेवढाच आराम. खरी धास्ती खाडी ओलांडल्यावरच्या चढांची. उतरून ढकलायची आता लाज वाटत नाही, पण ढकलतानाही दम लागतोच.

गिअरची सायकल घ्यावी की बॅटरीवाली? चढावर बॅटरी संपली तर ते धूड ढकलवेल का? वाटेत घरगुती मुक्काम कुठे करावा? साठीपुढच्यांनी जरूर लिहा; पोरांचे सल्ले भरपूर मिळालेत.