मीटर पार्किंगची एक तासाची लिमिट: धंद्याला तारक की मारक?

चष्मेवाला:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण वाचा. मध्यवस्तीत मेन रोडला माझं चष्म्याचं दुकान आहे, समोर मीटरची पार्किंग, म्हणजे यंत्रात वेळेचे पैसे भरून गाडी लावायची. आधी दोन तास गाडी लावता यायची, आता एकच तास. का, तर गाड्या पटापट हलतील आणि सगळ्यांचं गिऱ्हाईक वाढेल. पण डोळे तपासायला आलेल्या माणसाचं तासात होतच नाही हो. बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स टाकले की वीस-तीस मिनिटं नुसतं बसायचं, मग तपासणी, मग फ्रेम बघायच्या. परवा एक काकू ड्रॉप्स टाकलेले असताना उठल्या, गाडीची वेळ संपली म्हणाल्या, आणि समोरचं धड दिसत नसताना कपाळावर हात धरून गाडी हलवायला निघाल्या. मी त्यांना परत खुर्चीत बसवलं, दंड आला तर मी भरतो म्हटलं, पण त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, फ्रेम न बघताच गेल्या. या लिमिटने कुणाचा धंदा वाढलाय का खरंच? पूर्ण काढून टाका असा अर्ज द्यावा म्हणतोय.

फेरफटका:
काकूंचं वाचून वाईट वाटलं. पण पूर्ण काढा म्हणू नका दादा, पस्तावाल. दुकान नऊ तास उघडं असेल तर एका जागेवर दोन तासांच्या हिशोबाने चार-पाच गिऱ्हाइकं येऊन जातात, आणि लिमिट नसेल तर सकाळी ऑफिसला आलेला एकच माणूस तिथे संध्याकाळपर्यंत गाडी ठेवतो, तो तुमच्याकडे पायही ठेवत नाही. मुळात मीटर आले तेच यासाठी. १९३५ च्या जुलैत अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत पहिला मीटर बसला, कार्ल मॅगी नावाच्या संपादकाच्या खटपटीने, कारण मध्यवस्तीत काम करणारे लोक दिवसभर जागा अडवायचे आणि खरेदीला येणाऱ्यांना गाडी लावायला जागाच मिळायची नाही.

खडूची_रेघ:
मी काही वर्षं पार्किंग तपासणीचं काम केलंय म्हणून सांगतो. लिमिटमध्ये सापडतो तो कधीतरी येणारा साधा माणूस. रोजच्यांना आमच्या फेरीची वेळ पाठ असते, गाडी कधीपासून उभी आहे ते कळायला आम्ही टायरवर केलेली खडूची खूण पुसतात नाहीतर गाडी चार हात पुढे घेतात की झाली नवी वेळ सुरू. आणि हे रोजचे कोण? बऱ्याचदा दुकानदार आणि त्यांच्याकडची कामाची माणसं! अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहराच्या जुन्या बाजारपेठेत अगदी हेच चालायचं, तिथे मीटर नव्हते, नुसती दोन तासांची लिमिट होती. १९९३ मध्ये मीटर बसवायचं ठरलं तेव्हा गिऱ्हाईक पळेल म्हणून व्यापाऱ्यांचा विरोध होता. मग मीटरचा पैसा त्याच भागातल्या फुटपाथ, दिवे, साफसफाईवर खर्च करायचं ठरलं आणि लोक तयार झाले, पुढे त्या बाजाराचं रूपच पालटलं.

मोकळी_जागा:
मला विचाराल तर घड्याळापेक्षा दर बदलावा. डोनाल्ड शूप म्हणून पार्किंगचे मोठे अभ्यासक होते, त्यांचं म्हणणं, दर असा ठेवा की साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या राहतील, म्हणजे प्रत्येक रस्त्याला एखाद-दुसरी जागा कायम मोकळी सापडेल. सॅन फ्रान्सिस्कोत २०११ पासून हा प्रयोग झाला, गर्दीच्या ठिकाणी दर चढवले, ओस रस्त्यांवर उतरवले, आणि लिमिट बऱ्याच ठिकाणी चार तासांपर्यंत वाढवली. ज्याला दोन तास लागतात तो दोन तासांचे पैसे भरेल आणि निवांत बसेल.

फेरफटका:
पटतं, पण नुसत्या दरावर सोडलं तर ज्याच्या खिशात पैसा त्यालाच दारासमोर जागा, हेही मला बरं वाटत नाही. शिवाय इस्त्रीचे कपडे घ्यायला पाच मिनिटं थांबणाऱ्याने काय करायचं? थोड्या जागा पंधरा मिनिटांच्या हव्यातच, सगळ्या रस्त्याला एकच लिमिट लावली तिथेच चुकलं.

चष्मेवाला:
खडूची_रेघ, तुमचं वाचून रात्रभर डोक्यात तेच. आज सकाळी दुकान उघडायच्या आधी बाहेर उभा राहून बघितलं. आमच्या बाजूला अकरा जागा, त्यातल्या पाच गाड्या आमच्याच दुकानदारांच्या आणि एक माझ्या मुलाची. त्याला लगेच गाडी मागच्या गल्लीत लावायला सांगितली. अर्ज बदलून लिहितोय: दोन तास परत द्या, कोपऱ्यावरच्या दोन जागा पंधरा मिनिटांच्या करा, मीटरच्या पैशातला काही हिस्सा याच रस्त्यावर खर्च करा, आणि आम्ही दुकानदार स्वतःच्या गाड्या मेन रोडला लावणार नाही असं खाली लिहून देतो. उद्यापासून सह्या घ्यायला निघतोय, शेजारचे या शेवटच्या ओळीवर अडणार बहुतेक, पण ती मी काढणार नाही.