विषय: पावलीवरच्या बायका (मार्चचा कार्यक्रम)

मेधा लिहिते:

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये इथे शिकागोच्या शाळांत स्त्री-इतिहासाचा महिना पाळतात. यंदा आपल्या रविवारच्या मराठी शाळेतही मुलांनी त्यानिमित्त मराठीतून बोलावं, असं आम्हा शिक्षिकांना वाटतंय. माझ्या डोक्यात पावल्या आहेत. (आमच्या घरी क्वार्टरला, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्याला, पावलीच म्हणतात, माझी आजी चार आण्यांना म्हणायची तशी.) २०२२ ते २०२५ या चार वर्षांत, दरवर्षी पाच, अशा वीस नव्या पावल्या निघाल्या. छाप्याला वॉशिंग्टन, काट्याला एक अमेरिकन बाई. एका मुलाने एक पावली हातात घ्यायची, पुढे यायचं आणि त्या बाईबद्दल तीन मिनिटं बोलायचं.

छाप्याचीही गोष्ट आहे. उजवीकडे पाहणारा हा वॉशिंग्टन लॉरा गार्डिन फ्रेझर या शिल्पकार बाईंनी १९३२च्या नाण्यासाठी केला होता. कलातज्ज्ञांनी तोच घ्या म्हणून सांगितलं होतं, अर्थखात्याने मात्र जॉन फ्लॅनगन यांचं काम निवडलं. लॉराबाईंचा चेहरा पावलीवर यायला २०२२ साल उजाडलं. तोवर त्यांना जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली होती.

कोणाला कोण हवंय ते कळवा. घरातल्या बरण्या, गाडीतले कप्पे बघा आणि सापडतील त्या पावल्या बाजूला काढून ठेवा.

मेधा

अरुणकाका लिहितात:

मेधा, बेसी कोलमन मला दे. ज्या मुलाच्या वाट्याला येईल त्याची तयारी मी करून घेतो.

आपण सगळेच पाहुण्यांना आणायला ओहेअर विमानतळावर जातो. भाड्याच्या गाड्या मिळतात तिथे बेसी कोलमन ड्राइव्ह अशी पाटी आहे. मी ती कित्येक वर्षं वाचत आलो आणि बेसी कोलमन कोण, हे मला नातवाच्या हातातल्या पावलीने सांगितलं. याचं मला फार वाईट वाटलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१८९२चा जन्म, टेक्ससमधल्या कष्टकऱ्याच्या घरातला. तेविसाव्या वर्षी शिकागोत आली आणि एका न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची नखं घासून, रंगवून देऊ लागली. महायुद्धावरून परतलेल्या भावाने चिडवलं, "फ्रान्समध्ये बायका विमानं उडवतात, तुला काय जमणार?" हे तिच्या मनाला लागलं. अमेरिकेतली एकही विमानशाळा तिला घेईना. एक तर बाई, त्यात काळी. इथल्या 'शिकागो डिफेंडर' वर्तमानपत्राचे संपादक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी सांगितलं, फ्रान्सला जा. मग ती नोकरी सांभाळून फ्रेंच शिकली, पैसे साठवले आणि समुद्रापार गेली. १५ जून १९२१ रोजी तिला परवाना मिळाला. पावलीवर बघा, आकडे आहेत: ६.१५.१९२१. एका माणसाच्या नाण्यावर त्याचा जन्म नाही, मृत्यू नाही, परवान्याची तारीख. ही निवड करणाऱ्याला मी मनापासून दाद देतो.

परत आल्यावर ती विमानाच्या कसरती करून पोट भरत होती. टेक्ससमध्ये वॅक्साहाची गावी गोऱ्यांसाठी एक दार आणि काळ्यांसाठी वेगळं दार ठेवायचं ठरलं होतं. तिने सांगितलं, दार एकच असेल तरच उडेन. दार एक झालं. आत बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. मुलांना हे अर्धं यशही सांगायला हवं.

३० एप्रिल १९२६ला जॅक्सनव्हिलमध्ये सरावाच्या वेळी विमान उलटलं. उडी घ्यायची जागा हेरायला तिला कडेवरून वाकून बघायचं होतं, म्हणून पट्टा बांधलेला नव्हता. यंत्रात एक पाना अडकला होता. चौतीस वर्षांची होती. आपल्या लोकांसाठी विमानशाळा काढायची, तेवढं राहिलं. तिची कबर आपल्या दक्षिण उपनगरांत, लिंकन दफनभूमीत आहे. मुलांना घेऊन एकदा जाऊ या का?

अरुण

स्मिता लिहिते:

काका, नक्की जाऊ. गाड्यांचं मी बघते.

मला पॅट्सी मिंक हव्यात. माझी लेक शाळेच्या संघातून धावते. रोज संध्याकाळी तिचे खिळ्यांचे बूट गाडीत पायाशी पडलेले असतात, त्यांच्या तळाला लाल माती. मी रत्नागिरीला शाळेत असताना मुलींना मैदान मिळायचं ते मुलांचं खेळून झाल्यावर, तेही उजेड असला तर. त्यामुळे ते बूट बघितले की मला आत काहीतरी होतं.

मिंकबाई हवाईतल्या जपानी वंशाच्या कुटुंबातल्या. डॉक्टर व्हायचं होतं. डझनभर वैद्यकीय कॉलेजांनी नाही म्हटलं. मग इथे, शिकागो विद्यापीठात, कायदा शिकल्या, १९५१ साली पदवी घेतली. पुढे १९६४ साली काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आल्या. गोऱ्या नसलेल्या बायकांत तिथे पोचलेल्या त्या पहिल्या. १९७२चा टायटल नाइन कायदा ज्यांनी घडवला त्यांत त्या होत्या. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजात मुलगी म्हणून कुणाला डावलायचं नाही, एवढंच तो म्हणतो. इंग्रजीत त्याचे मूळ शब्द अवघे ३७. त्याआधी देशभरात हायस्कूलच्या संघांतून तीन लाखांहून कमी मुली खेळायच्या, आज तीस लाखांच्या वर खेळतात. पावलीवर मिंकबाईंच्या हातात तोच कायदा आहे.

एक अडचण मात्र मांडते. यादीत पत्रकार आयडा बी. वेल्स आहेत, काळ्यांच्या हत्यांविरुद्ध लिहिणाऱ्या. जमावाने माणसं मारल्याच्या गोष्टी नऊ वर्षांच्या मुलांसमोर नकोत, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

स्मिता

मेधा लिहिते:

स्मिता, तुझी काळजी मला कळते, पण आयडाबाईंना गाळून चालणार नाही. आपल्या शहराच्या मध्यभागी काँग्रेस पार्कवे हा रस्ता होता, तो आता त्यांच्या नावाने ओळखला जातो. लहान गटाला आगगाडीची गोष्ट सांगू. १८८४ साली टेनेसीत त्या बायकांच्या डब्याचं तिकीट काढून बसल्या होत्या. कंडक्टरने काळी म्हणून उठायला सांगितलं. उठल्या नाहीत. त्याने ओढलं तेव्हा त्याच्या हाताला चावल्या. शेवटी त्यांना खाली उतरवलंच. त्यांनी खटला भरला, ५०० डॉलर जिंकल्या आणि १८८७ साली राज्याच्या वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. नऊ वर्षांच्या मुलाला यातला अन्याय लगेच कळतो.

मेम्फिस मोठ्या गटासाठी ठेवू. १८९२ साली तिथे किराणा दुकान चालवणाऱ्या त्यांच्या मित्राला आणि आणखी दोघांना जमावाने मारलं. त्यांचं दुकान गोऱ्या दुकानदाराच्या धंद्याच्या आड येत होतं. आयडाबाईंनी ते नावानिशी छापलं, तर त्यांच्या वर्तमानपत्राची कचेरी फोडली गेली. त्या मग मेम्फिसला राहू शकल्या नाहीत. पुढच्याच वर्षी त्या इथल्या जागतिक मेळ्यात, काळ्या अमेरिकनांना इथे स्थान का नाही, हे सांगणारी पुस्तिका वाटत होत्या. विवेकानंद शिकागोत बोलले तेच १८९३ साल. त्यांचं भाषण आपली मुलं दरवर्षी पाठ करतात. त्याच वर्षी त्याच शहरात ही बाई काय सांगत होती, तेही मोठ्या मुलांनी ऐकावं, असा माझा आग्रह आहे.

विल्मा मँकिलर मी स्वतः घेतेय. चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या राष्ट्राच्या त्या प्रमुख होत्या आणि त्यांच्या पावलीवर राष्ट्राचं नाव चेरोकी लिपीत कोरलेलं आहे. त्या लिपीत एक चिन्ह म्हणजे एक अक्षर, आपल्या का-कि-कूसारखं. बाराखडी गिरवणाऱ्या वर्गाला ते दाखवायची मला फार उत्सुकता आहे.

स्मिता लिहिते:

पटलं. लहान गटाला आगगाडी, मोठ्यांना मेम्फिस. माझ्या मोठ्याला आयडाबाई द्या.

अरुणकाका लिहितात:

काल लाँड्रीच्या बरणीतून सात निघाल्या, त्यांत सिनेनटी अ‍ॅना मे वाँग दोनदा. तिच्या वडिलांची लॉस एंजेलिसला लाँड्रीच होती. एकूण अठरा जमल्या. खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन आणि बॅले नर्तकी मारिया टॉलचीफ अजून सापडत नाहीत. कोणाकडे असतील तर शनिवारपर्यंत मेधाकडे पोचवा.